लेन्सची बैठक : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

लग्नसराई संपली की छायाचित्रकारांना आपल्या सामानाकडे नीट पाहायला सवड मिळते. त्यामुळेच कदाचित या वेळी आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुनःपुन्हा दिसते : लेन्स कॅमेऱ्यावर नीट बसत नाही. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढील उत्तरे समजण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यातच सांगाव्या लागल्या.

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबाग भागात राहतो आणि लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो. गेल्या वर्षी मी २४-७० मि.मी., एफ २.८ ची एक वापरलेली लेन्स विकत घेतली. कॅमेऱ्यावर चढवल्यावर खटका व्यवस्थित वाजतो, पण हाताने धरून पाहिले तर लेन्स थोडी फिरते आणि किंचित डुलतेही. दिवसा उघड्यावर काढलेले फोटो स्वच्छ येतात, मात्र रात्री मंडपात समूहचित्र काढले की उजव्या टोकाची माणसे पुसट दिसतात. बैठकीवर सेलोटेपचा पातळ तुकडा लावून लेन्स घट्ट करावी, असे एका मित्राने सुचवले आहे. तसे केले तर चालेल का?

उत्तर : सेलोटेप कृपया लावू नये. त्याने लेन्स हाताला घट्ट लागेल, पण फोटोतील दोष वाढेल. का वाढेल, ते लेन्स कशी बसते हे पाहिले की लक्षात येईल.

आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या हालचाली एकत्र आल्या आहेत. लेन्स फिरणे ही एक आणि डुलणे ही दुसरी. लेन्स चढवून फिरवली की बॉडीतील एक छोटी खुंटी लेन्सच्या कडीतील खाचेत जाऊन बसते. आपण ज्याला खटका म्हणतो तो हाच. खुंटी सहज आत-बाहेर जावी म्हणून खाच तिच्यापेक्षा किंचित मोठी ठेवावीच लागते, आणि तेवढ्या फटीपुरती लेन्स डावी-उजवीकडे फिरते. नव्या कोऱ्या महाग लेन्समध्येही ही हालचाल जाणवते. चित्राच्या स्पष्टतेवर तिचा परिणाम होत नाही. तेव्हा फिरण्याची काळजी सोडून द्यावी आणि सगळे लक्ष डुलण्याकडे द्यावे.

कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेली धातूची कडी आणि लेन्सच्या मागची कडी या दोन सपाट पृष्ठभागांचा जो मिलाफ होतो, त्याला आम्ही बैठक म्हणतो. बैठकीपासून चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंतचे अंतर कॅमेऱ्याच्या प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. निकॉनच्या १९५९ सालापासून चालत आलेल्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवण्याची जोडणी) ते ४६.५ मि.मी. आहे, तर कॅननच्या १९८७ सालच्या ईएफ माउंटमध्ये ४४ मि.मी. हे अंतर राखण्याचे काम बैठकीचे आहे. कडीच्या आतील तीन पाकळ्या लेन्सला फक्त धरून ठेवतात आणि बॉडीच्या कडीमागे असलेल्या पातळ पात्यांच्या स्प्रिंगा त्या पाकळ्यांना मागे ओढून लेन्स बैठकीवर दाबून बसवतात. बैठकीवर काहीही चिकटवले की तेवढ्या जाडीने लेन्स पुढे सरकते, आणि तुकडा एकाच बाजूला असेल तर ती तिरकी होते.

दिवसा फोटो चांगले आणि रात्री वाईट येण्याचे कारणही यातच आहे. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सच्या आतले छिद्र, म्हणजे ॲपर्चर, जास्त उघडे असते. पूर्ण आकाराच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००६ मि.मी. रुंद असतो. दोन पिक्सेलइतका पसरटपणा खपवून घ्यायचा असे धरले, तर एफ ८ वर सेन्सरच्या मागे-पुढे मिळून सुमारे ०.१९ मि.मी. इतकी चूक झाकली जाते. एफ २.८ वर हीच मोकळीक जेमतेम ०.०७ मि.मी. उरते. आता बैठकीच्या साधारण ६० मि.मी. व्यासाच्या एका कडेला ०.२ मि.मी. फट पडली, म्हणजे झेरॉक्सच्या दोन कागदांइतकी, तर ३६ मि.मी. रुंदीच्या चौकटीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.१२ मि.मी.चा तिरकेपणा येतो. एफ ८ वर तो झाकला जाईल आणि एफ २.८ वर उघडा पडेल. दुपारी अंगणात आपण एफ ८ वापरत असाल आणि रात्री मंडपात एफ २.८, त्यामुळे लेन्स दिवसा बरी असते आणि रात्री बिघडते असा भास होतो.

आता डुलणे नेमके कोठे आहे ते शोधावे. कॅमेरा टेबलावर मऊ कापडावर ठेवून एका हाताने बॉडी घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताने लेन्स वर-खाली अगदी हलके हलवावी. त्याच वेळी अंगठ्याचे नख सांध्यावर आडवे टेकवून ठेवावे. डोळ्याला न दिसणारी हालचाल नखाला कळते. बॉडी आणि लेन्सची कडी यांच्यामधला सांधा आधी पाहावा. त्यानंतर लेन्सची कडी आणि तिचे नळकांडे यांच्यामधला, आणि शेवटी झूम करताना बाहेर येणाऱ्या पुढच्या नळीचा. पुष्कळदा लोक ज्याला लेन्स माउंटवर हलते म्हणतात ते प्रत्यक्षात या पुढच्या नळीचे हलणे असते, आणि झूम लेन्समध्ये ते थोडेफार असतेच.

हालचाल पहिल्या सांध्यावर असेल तर आधी बैठक तपासावी, आणि तीही भिंगाखाली. गेल्या हंगामात आमच्या टेबलावर एका लग्न-छायाचित्रकाराचा कॅमेरा आला होता. त्याची तक्रार बरोबर आपल्यासारखीच होती आणि बॉडीचा माउंट वाकला आहे अशी त्याची खात्री झालेली होती. दहापट भिंगाखाली कडी पाहिली तेव्हा घड्याळातील चार ते सहाच्या आकड्यांदरम्यान फिकट पिवळी, कमानीसारखी एक रेघ दिसली. लाकडी दातकोरणीने ती हळूच खरवडली तर पिवळी पूड निघाली. ती हळद होती. हळदीच्या कार्यक्रमात लेन्स बदलताना ओलसर हळदीचे बोट कडीला लागले होते आणि त्यावरच लेन्स चढवल्यामुळे ती दाबून वाळून कडक झाली होती. कडी पुसून काढल्यावर नखाखालची हालचाल थांबली. त्या बॉडीला स्क्रू-ड्रायव्हर लावायचीही गरज पडली नाही.

पुसताना बॉडीचे तोंड खाली धरावे, म्हणजे निघालेला कण आरशावर किंवा शटरवर पडणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलावलेले, धागे न सुटणारे कापड वापरावे. द्रव थेट कडीवर ओतू नये. जवळच असलेल्या सोनेरी संपर्कबिंदूंवरूनही तेच कापड अलगद फिरवावे. त्यांना खोडरबर किंवा पॉलिश पेपर लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण तिने वरचा सोन्याचा मुलामा निघून जातो आणि लेन्स-कॅमेऱ्याचा संपर्क तुटण्याचा त्रास कायमचा मागे लागतो.

हालचाल दुसऱ्या सांध्यावर असेल तर लेन्सच्या मागच्या कडीचे स्क्रू सैल झाले आहेत. हे काम सोपे वाटते, पण स्क्रू-ड्रायव्हर योग्य हवा. जपानी लेन्समधील फुलीचे स्क्रू बहुधा जपानी मापाचे असतात आणि आपला नेहमीचा स्टार स्क्रू-ड्रायव्हर त्यात पूर्ण खोल बसत नाही, तो निसटून स्क्रूचे तोंड खराब करतो. जपानी मापाचा स्क्रू-ड्रायव्हर मिळवावा, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत आणि कडी मात्र सुटी करू नये. तिच्याखाली अंतर जुळवण्यासाठी शतांश मिलिमीटरच्या मापात निवडलेल्या पातळ चकत्या असू शकतात. त्यांतील एक हरवली किंवा जागा बदलून बसली, तर आज नसलेला दोष उद्या तयार होईल.

बैठक स्वच्छ आणि स्क्रू घट्ट असूनही लेन्स डुलत असेल, तर स्प्रिंगांची पाती थकली आहेत किंवा एखादी कडी वाकली आहे. कोणती, हे ठरवण्यासाठी दुसरी लेन्स त्याच बॉडीवर आणि हीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावून पाहावी. खात्री करण्यासाठी एका सकाळी तिपाई घेऊन कृष्णेच्या काठावर जावे आणि १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाचा दूरवरून, चौकटभर, एफ २.८ वर फोटो काढावा. मग कॅमेरा उलटा धरून तोच फोटो पुन्हा काढावा. पहिल्या फोटोत चौकटीच्या उजव्या टोकाचे दगड पुसट असतील आणि उलट्या कॅमेऱ्यात पुलाचे दुसरे टोक पुसट होत असेल, तर दोष कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये आहे. पुलाचे तेच टोक पुसट राहिले तर आपण पुलासमोर तिरके उभे होता. ही परीक्षा भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्रावर करतात, पण इतक्या जवळून कॅमेरा भिंतीला समांतर ठेवणे फार अवघड जाते, म्हणून दूरचे लक्ष्य मला अधिक भरवशाचे वाटते.

स्प्रिंग बदलणे किंवा कडी बदलणे हे घरी करण्याचे काम नाही. ते जाणकाराकडेच द्यावे, आणि त्याला आपले दोन्ही फोटो दाखवावेत. नुसते “हलते” एवढेच सांगितले तर तोही सेलोटेपच लावून देण्याची भीती असते.

प्रश्न : विट्याहून लिहीत आहे. माझी १८-५५ मि.मी.ची लेन्स कॅमेऱ्यासह खाली पडली. तिच्या मागच्या प्लास्टिकच्या कडीची एक पाकळी तुटली आहे. तुकडा माझ्याकडे आहे. तो झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडता येईल का?

उत्तर : नाही. पाकळीवर स्प्रिंगचा ताण सतत असतो आणि गोंदाचा जोड तो सहन करणार नाही. जोड केव्हातरी सुटेल आणि तो तुकडा थेट आरशावर पडेल किंवा शटरच्या पात्यांत अडकेल. शिवाय अशा गोंदाची वाफ मागच्या काचेवर पांढरट थर धरते. उरलेल्या दोन पाकळ्यांवर लेन्स तात्पुरती वापरण्याचा मोहही टाळावा, कारण ती निश्चित तिरकी बसेल.

तुटलेल्या पाकळीचे फार वाईट वाटून घेऊ नये. पाकळी तुटली म्हणून धक्क्याचा बराचसा जोर तिथेच जिरला. धातूच्या कडीवरून तो बॉडीच्या माउंटपर्यंत पोचला असता तर खर्च कितीतरी वाढला असता. या वर्गातील बहुतेक लेन्सची सुटी कडी मिळते आणि लेन्सच्या किमतीच्या मानाने ती स्वस्त असते. मागवताना लेन्सचे पूर्ण नाव, अगदी शेवटच्या अक्षरासकट, जुळवून घ्यावे. दिसायला सारख्या असलेल्या दोन आवृत्त्यांच्या कड्या एकमेकींना बसत नाहीत, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

कडी बदलताना दोन ठिकाणी चूक होते. संपर्कबिंदूंची छोटी पट्टी कडीला वेगळ्या बारीक स्क्रूंनी धरलेली असते आणि तिच्यापासून एक नाजूक रिबन आत जाते; कडी जोराने उचलली की ती फाटते. दुसरे म्हणजे ज्या लेन्समध्ये ॲपर्चरची कळ मागे डोकावते, तिच्यात ती कळ नव्या कडीच्या खाचेत मोकळी फिरली पाहिजे. स्क्रू आवळण्याआधी बोटाने कळ सरकवून सोडावी. ती झटकन परत आली तरच पुढे जावे. कडी लावून झाल्यावर वर सांगितलेली उलट्या कॅमेऱ्याची परीक्षाही करावी, कारण पडलेल्या लेन्समध्ये आतील काचही सरकलेली असू शकते आणि तो दोष नवी कडी दुरुस्त करत नाही.

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत टर्नर आहे. वडिलांच्या संग्रहात ४२ मि.मी. आट्यांची एक जुनी लेन्स मिळाली. ती कॅमेऱ्यावर बसवण्यासाठी ४२ मि.मी.चे म्हणून एक अडॅप्टर घेतले, पण लेन्स एक-दीड फेरा फिरते आणि आवळते. माझ्याकडे लेथ आहे. आटे थोडे मोकळे करून घेऊ का?

उत्तर : लेथ सुरू करण्याआधी पिच गेज लावून पाहा. व्यास दोन्हीकडे ४२ मि.मी.च भरेल, पण लेन्सचा पिच, म्हणजे दोन शेजारच्या आट्यांमधले अंतर, १ मि.मी. आणि अडॅप्टरचा ०.७५ मि.मी. निघण्याची फार शक्यता आहे. १९४९ सालच्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्याबरोबर आलेला आणि पुढे प्राक्टिका व पेंटॅक्स यांनी सर्वत्र नेलेला एम४२ माउंट १ मि.मी. पिचचा आहे. दुर्बिणी आणि साध्या टेलिफोटो लेन्ससाठी वापरला जाणारा टी माउंट त्याच व्यासाचा, पण ०.७५ मि.मी. पिचचा आहे. विकणारे दोन्हींना सर्रास ‘४२ मि.मी.’ म्हणतात. पहिला फेरा सुरळीत जातो आणि मग आटे एकमेकांवर चढतात, ते आपल्या हाताला जाणवलेच आहे.

आपण कुशल कारागीर आहात, नवे आटे पाडणे आपल्याला सहज जमेल. तरीही पाडू नका, कारण आटे जुळले तरी अंतर जुळणार नाही. एम४२ लेन्सची बैठक सेन्सरपासून ४५.४६ मि.मी.वर हवी, टी माउंटची ५५ मि.मी.वर असते. म्हणजे लेन्स साडेनऊ मिलिमीटर पुढे बसेल आणि जवळच्या वस्तूंखेरीज कशावरही फोकस होणार नाही. खरे एम४२ अडॅप्टर घ्यावे. ते आल्यावर लेन्स पूर्ण आवळली असता तिच्यावरचे अंतराचे आकडे वर न येता बाजूला राहिले, तर मात्र आपल्या लेथचा आणि हाताचा उपयोग आहे : अनेक अडॅप्टरांत आतली कडी तीन बारीक, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंवर धरलेली असते, ते सैल करून ती हवी तेवढी फिरवता येते. ते स्क्रू नसतील तर अडॅप्टरच्या तोंडावरून अगदी हलका हात फिरवावा लागेल. १ मि.मी. पिचमध्ये पाव फेऱ्यासाठी पाव मिलिमीटर काढावे लागते, हे मी आपल्याला सांगायला नको. घासायचे ते अडॅप्टर. लेन्सला कानस लावू नये.

प्रश्न : कराडहून. माझी जुनी ५० मि.मी., एफ १.८ डी लेन्स निकॉनच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसते, पण पडद्यावर ‘एफईई’ अशी अक्षरे लुकलुकतात आणि शटर दबत नाही. लेन्स नीट बसली नाही का?

उत्तर : लेन्स नीट बसली आहे. तिच्यावरची ॲपर्चरची कडी २२ या आकड्यावर नेऊन शेजारच्या छोट्या कळीने तेथेच अडकवून ठेवावी, म्हणजे ती अक्षरे जातील. मात्र १९७७ पूर्वीच्या, फेरबदल न केलेल्या निकॉन लेन्स हाती आल्या तर त्या जोर देऊन चढवू नयेत. बॉडीच्या कडेची छोटी कळ त्यांनी तुटू शकते.

प्रश्न : मी साताऱ्यात शिकते. कास पठारावरील फुलांचे फोटो काढण्यासाठी काकांची निकॉनची जुनी लेन्स स्वस्त अडॅप्टर लावून सोनीच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर वापरते. लेन्स डुलते. शिवाय अनंताच्या, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसच्या, खुणेवर फिरवली की दूरचे डोंगर अस्पष्ट येतात, खुणेच्या थोडे अलीकडे स्पष्ट होतात. अडॅप्टर सदोष आहे का?

उत्तर : दुसरी गोष्ट सदोष म्हणता येणार नाही. निकॉनचे ४६.५ मि.मी. वजा सोनी ई माउंटचे १८ मि.मी. म्हणजे अडॅप्टरची जाडी बरोबर २८.५ मि.मी. हवी. ती चुकून जास्त झाली तर लेन्स अनंतावर कधीच पोचणार नाही, म्हणून करणारे ती मुद्दाम थोडी कमी ठेवतात. परिणामी अनंत खुणेच्या अलीकडे येते. आपण पडद्यावर चित्र मोठे करून फोकस करत असाल तर यात काही बिघडत नाही, आणि फुलांच्या जवळच्या फोटोंना तर याचा काहीच त्रास नाही. अपवाद एकच : जवळच्या अंतरासाठी आतील काचांचे गट वेगवेगळे सरकणाऱ्या रुंद कोनाच्या लेन्स. निकॉनची २४ मि.मी., एफ २.८ त्यांपैकी आहे. तिच्यात अडॅप्टरची जाडी चुकली की कोपरे खराब होतात.

डुलण्यासाठी वरची नखाची परीक्षा दोन्ही सांध्यांवर करावी, कारण अडॅप्टर आले की एका बैठकीच्या दोन बैठका होतात. अडॅप्टर आणि लेन्स यांच्यामध्ये हालचाल असेल तर अडॅप्टरच्या आत डोकावून पाहावे. स्वस्त अडॅप्टरांत पाकळ्यांनाच लांबट चीर दिलेली असते आणि ती चिरलेली पाकळीच स्प्रिंगचे काम करते. अडॅप्टर कॅमेऱ्यावरून आणि लेन्सवरून पूर्ण सुटे करून, चिरेत बारीक चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून ती केसभर उघडावी. एका वेळी खरोखर केसभरच. मग लेन्स लावून पाहावी. लेन्स चढवताना हाताला सारखा, मऊ अडथळा लागला तर पुरे झाले. जास्त उघडली तर पाकळी मोडते. हालचाल अडॅप्टर आणि कॅमेरा यांच्यामध्ये असेल तर तो भाग घरी सुधारत नाही, अडॅप्टर बदलावे.

कासला जाताना आणखी एक सांभाळावे. पठारावर जांभ्याची बारीक माती आणि धुके दोन्ही असतात, आणि ऑगस्टनंतरच्या फुलांच्या दिवसांत कडीवर ओल धरली की त्यावर मातीचा कण लगेच चिकटतो. अडॅप्टर घरूनच लेन्सवर चढवून न्यावे आणि पठारावर बदलायची वेळ आलीच तर कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून, पाठ वाऱ्याकडे करून बदलावे. घरी परतल्यावर पिशवी उघडण्याआधी अर्धा तास तशीच राहू द्यावी, म्हणजे थंड धातूवर दव धरणार नाही, आणि मग दोन्ही बैठका कोरड्या कापडाने पुसून ठेवाव्यात.